योसेफाचे दोन बाप

काका, हाक हीच मारायची, असं तुम्हीच सांगून ठेवलंय. मेलेल्या माणसाला उलट विचारता येत नाही, म्हणून तीच लिहितो. लढाईमुळे कागद मिळेनासा झालाय, सोसायटीच्या जुन्या जाहिरातीची कोरी बाजू घेतली आहे. घरातली सगळी शेतावर गेली आहेत. कोणी पाहिलं तर विचारतील, मेलेल्याला कसलं पत्र, आणि मला सांगता येणार नाही.

कारंज्याच्या बाजाराचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सकाळी आपण दोघांनी वांगी आणि सांभाराच्या जुड्या विकल्या होत्या, टोपल्या रिकाम्या करून कडुलिंबाखाली बसलो होतो. तिथंच पाद्रीबुवा उभे राहून बोलत. आपल्याच बाजूचा माणूस, काळा कोट आणि धोतर, सोबत शुभवर्तमानांची पेटी. तुम्ही त्यांच्याकडून पुस्तक घेऊन गेला होता आणि मोटेवर बसून ते अक्षर न अक्षर वाचलं होतं, भक्तीनं नव्हे, तर हरबऱ्यातले खडे वेचावेत तसं. दर बाजारी एक खडा तुम्ही पाद्रीबुवांपुढे टाकायचा आणि लोक चहा सोडून गोळा व्हायचे. त्या दिवशीचा खडा योसेफाचा होता. एका शुभवर्तमानात मत्तय लिहितो की योसेफाचा बाप याकोब, आणि दुसऱ्यात लूक लिहितो की एली. देवाचं पुस्तक म्हणता आणि देवाला एका सुताराच्या बापाचं नाव धड सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी पोट धरून हसलो.

पाद्रीबुवा चिडत नसत. ते म्हणाले, जुने जाणते असं सांगतात की दोघे भाऊ होते, एक निपुत्रिक मेला, त्याचं घर चालावं म्हणून दुसऱ्याचा मुलगा त्याच्या नावावर लागला. एक रक्ताचा बाप, एक नावाचा. तुमच्यात दत्तक जातात तसंच. लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही मात्र उठून उभे राहिलात.

"दत्तकाची गोष्ट मले नका सांगू, पाद्रीबुवा. देल्लं ते देल्लं. पोरगं एकदा दुसऱ्याच्या मांडीवर बसलं का त्याचा बाप एकच राह्यते. दुसरा मंग कोनी नाही त्याचा. तुमच्या दोन बापाईतला एक खोटा हाय."

पाद्रीबुवांनी पेटी मिटली. बाजारभर तुमचं नाव झालं. घरी येईपर्यंत मी तेच वाक्य रस्त्यानं भेटेल त्याला सांगत होतो.

वर्ष सरलं नाही तोच इंझोरीहून मोठे बाबा आले. तुमचे थोरले भाऊ. जमीन होती, पोटी कोणी नव्हतं, आणि छातीत कफ भरलेला. त्यांनी मला मागितलं. आई चुलीपुढे बसून राहिली, भाकर करपली तरी उठली नाही. तुम्ही मळ्यात जाऊन आलात आणि हो म्हणालात, दादाचं घर बुजू नये म्हणून. मिसरूड फुटलेला घोडा मी, मोठ्या बाबांच्या मांडीवर बसलो, लोक हसले, साखर वाटली. निघताना तुमच्या पाया पडलो आणि सवयीनं बाबा म्हणालो. तुम्ही दोन पावलं मागं सरलात.

"आता मले बाबा म्हनू नको. काका म्हन. चारचौघात म्या जे बोल्लो, ते घरी येऊन बदलू काय?"

बदललं नाहीत. पुढं मी सणावाराला येई, तेव्हा तुम्ही पाहुण्यासारखं पाणी पुढं करत होता, पीकपाणी विचारत होता, आणि आई आत पदराला डोळे पुसत असे. मला वाटायचं, आज बोलतील, पुढच्या पोळ्याला बोलतील.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या धाकट्या भावानं मडकं धरलं. त्याचं डोकं भादरलं, त्याला दहा दिवसांचं सुतक. मला तीन. मी चुलतभावांच्या रांगेत उभा, डोक्यावर केस तसेच, जन्मदाता बाप जळतोय आणि मी पुतण्या. असा राग आला होता तुमचा, की त्या चितेतून उठवून विचारावं.

त्यानंतर पाद्रीबुवा मला वेशीजवळ थांबवून बोलले. शेवटच्या दिवसांत तुम्ही त्यांना बोलावून घेतलं होतं. गावात बोभाटा झाला की म्हातारा बाटणार. पण तुम्ही एवढंच म्हणालात की योसेफाच्या त्या दोन्ही वंशावळी वाचून दाखवा. त्यांनी वाचल्या. मग तुम्ही त्यांचा हात धरून विचारलं, "दोनी खरे असतीन काय?" आणि इतकी वर्षं बाजारात उत्तर देणारा तो माणूस त्या वेळी खोटं बोलू शकला नाही. "मले मालूम नाही, भाऊ," असं म्हणाले. हे सांगताना त्यांना रडू आवरेना. मी त्यांना धीर दिला नाही. एक वेळ खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं.

तेव्हापासून मी ते पुस्तक वाचतो, काका. तुम्ही खोट सापडावी म्हणून वाचत होता, मी सापडू नये म्हणून वाचतो. पाद्रीबुवा आता थकलेत, तरी बाजारच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि तेच तेच विचारतो. त्यांनी एकदा विचारलं, बाप्तिस्म्याचा विचार हाय काय. नाही म्हणालो. पाण्यावर चालणं, मेलेला उठणं, त्यातलं मला काही नको. मला फक्त तो एक सुतार हवा आहे, ज्याचे दोन्ही बाप खरे होते. ते कुठंच सिद्ध होत नाही, आणि मला दुसरीकडं विचारायला जागा नाही.

हे कोणत्या टपालात टाकू? ठेवून देतो. पण एक लिहून टाकतो. त्या बाजारात तुम्ही जिंकलात, आणि माझं सगळं आयुष्य मला वाटत आलं की तुम्ही हरायला हवं होतं.