टर्कीच्या शेडची किल्ली

बर्केट, मिसूरी
१४ ऑक्टोबर

प्रिय ऑड्रा,

जॉप्लिनला मावशीकडे नीट पोचलीस ना? इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

परवा खाद्याच्या दुकानात मी ट्रेंटला ठोसा मारला. तुला कळलं असेलच. तुला सगळं कळतं. मला वाटलं, सरकारी तपासनीस बाईला फोन त्यानंच केला. तुझ्या वडिलांचा कुत्र्यांच्या पैदाशीचा परवाना गेला तर पिल्लांचा हा दलाल आपल्या चांगल्या कुत्र्या पडेल भावात उचलणार. शिवाय तो तुझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ते मला कधीच आवडलं नाही.

नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "अरे येड्या, माझे बूट बघ! त्या शेडच्या चिखलात मी कधी पाय टाकलाय का? शेड कुठली ते तरी मला माहीत आहे का?"

बूट चकचकीत होते. तेव्हापासून मला झोप नाही.

कारण ती बाई थेट तिथेच गेली. तुझ्या वडिलांनी तिला पुढचं कुत्र्यांचं नवं घर दाखवलं, कायद्याप्रमाणे केलेलं: सिमेंटची जमीन, प्रत्येक कुत्रीला अंगणात उघडणारं दार. तिनं मान डोलावली आणि सरळ ओढ्यापलीकडच्या, पूर्वी टर्की पक्षी ठेवायचे त्या जुन्या शेडकडे चालू लागली. ज्या कुत्र्या कागदावर नाहीतच, अजून तारेच्या जाळीवरच उभ्या असतात, त्या तिथे आहेत हे तुझे वडील, तू आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक.

तिनं पिंजरे उघडले. जाळीवर वाढलेली कुत्री जमीन बघून काय करते ते तुला माहीत आहे. उंबऱ्याशी थरथरत उभी राहते, एक पाय वर धरून. सगळ्या तशाच उभ्या राहिल्या. फक्त म्हातारी पॅन्झी गवतावरून धावत सुटली, तुझ्या बुटांपाशी जाऊन उताणी पडली, पोट वर करून. तू दोन पावलं मागे सरलीस, अनोळखी असल्यासारखी. तुझे वडील बाईकडे बघत होते. मी तुझ्याकडे.

कुत्र्यांचा वास सहन होत नाही म्हणायचीस ना तू?

मग एकेक आठवायला लागलं. मी कॉलेज सोडून परत आलो तेव्हा तू हाय-हॅलोच्या पुढे जात नव्हतीस. तुझ्या वडिलांनी मला कामावर ठेवून शेडची किल्ली माझ्याकडे दिली आणि तू संध्याकाळी ओढ्यावर फिरायला येऊ लागलीस. "कोल्बी, गारठा आहे रे, तुझं जॅकेट दे ना. उद्या आणून देते." किल्ली त्याच्याच खिशात असायची. मी मूर्ख, घरी जाताना शर्टात कुडकुडत शीळ घालायचो.

त्या कुत्र्यांची सुटका झाली याचं मला वाईट वाटत नाही. त्यांचे जाळीनं सोललेले पंजे मीही बघत होतो आणि गप्प बसत होतो. कायदा तुझ्या बाजूनं आहे, कबूल. पण मी कुठे होतो त्यात? माणूस होतो की नुसता खिसा?

तुझे वडील काल स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. "ऑड्रा नेमकी आत्ताच मावशीकडे कशी गेली रे?" म्हणाले. त्यांचा सूर मला आवडला नाही. मी म्हटलं, "फोन मी केला."

त्यांनी दार सताड उघडलं. "कॉलेजात हेच शिकवत होते का? ज्याच्या टेबलावर जेवायचं त्याच्याच घरावर सरकार सोडायचं? चल, नीघ!"

निघालो. आता हे पत्र वाचून तू लगेच त्यांना खरं सांगायला धावू नकोस. आणि मी उपकार केले असंही समजू नकोस. रागाच्या भरात माझ्या तोंडून काहीही निघतं, तुला माहीत आहे.

बाईनं कुत्र्या नेल्या त्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून पॅन्झीला मी घेऊन आलो. आईच्या अंगणात गवतावर धावते आणि मध्येच थांबून रस्त्याकडे बघत बसते.

जॅकेट तुझ्याकडेच आहे. शेड आता रिकामी आहे, किल्ली कुणालाच नको. ओढ्यात फेकून दे. त्यानंतरही तुला गारठा वाटला, तर कळव.

फोन न केलेला,
कोल्बी