न मिटणारा डोळा

आई, परवा पेपरात वाचलं की डोक्यावर उजेड सोडून मेंदूचे, नसांचे आजार बरे करायचं आता बघतायत. नवीन शोध म्हणे. मला हसूच आलं. दुष्काळाच्या साली खडी फोडायचा दिवस बुडवून तू कोल्हारहून एसटीनं मिशनच्या दवाखान्यात जायचीस आणि लाल दिव्यापुढं तोंड धरून बसायचीस. मी शेजारी स्टुलावर.

तुझं तोंड वाकडं झालं ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. तू चूळ भरतेस आणि पाणी डाव्या बाजूनं गळतंय. तुझा नवरा (मी त्याला बाप म्हणायचं कधीच सोडलं) चहा पीत बसलेला. "मला वाकुल्या दावतीस व्हय?" म्हणाला आणि बशीसकट कप तुझ्या कपाळावर हाणला. मग ते रोजचंच झालं. डावा डोळा मिटत नव्हता. दुपारी तू जरा आडवी झालीस तरी तो उघडाच. "डोळा मिटून घे, सटवे, माझ्याकडं काय बघतीस," म्हणत लाथा घालायचा. सिस्टरनं सांगितलं होतं, चेहऱ्याची नस सुजलीय, शेकानं आणि चोळण्यानं येईल ताळ्यावर, धीर धरा. याला ते पटेना. "फोड न्हाई, चटका न्हाई, असला कसला इलाज? लकव्याला डागच पायजे."

एका दुपारी त्यानं खरंच विळा चुलीत घातला. गुडघा तुझ्या छातीवर, केस मुठीत, तुझं डोकं मातीत रगडलेलं. मी त्याच्या दंडाला चावले, तर मला भिंतीवर फेकलं, दात पडला. तेवढ्यात तुझा हात सुटला. विळ्याची मूठ तुझ्या हातात कशी आली ते मी पाहिलं नाही. चर्र झालेलं ऐकलं आणि त्याचं ओरडणं. त्याच्या मनगटापासून वर कातडी विळ्याला चिकटून आली. विळा तसाच धरून तू विचारलंस, "आला का गुन?" तुझं निम्मं तोंड हललंच नाही आणि तो डोळा त्याच्यावर रोखलेला. आई, मी जन्मात इतकी खूश झाले नव्हते.

त्यानंतर तो तुझ्याकडं पाठ करून जेवायचा. हात उगारायचा, आणि त्या डोळ्याकडं नजर गेली की खाली घ्यायचा. म्हणायचा, "तिच्यात कायतरी शिरलंय." तू मात्र दिव्यापुढं जायचं सोडेनास. सिस्टर डोळ्यावर ओला कापूस ठेवायची, गाल वर वर चोळायची, तोंडाचा फुगा करा म्हणायची. तुला सरळ तोंडानं हसायचं होतं, एवढंच. मला ते कळत होतं आणि तुझा रागही येत होता.

मग एक दिवस सिस्टर म्हणाली, "मिटा बरं." आणि तो मिटला, पूर्ण. दिव्यानं मिटला का आपसूक, तिलाही सांगता येईना. मी हमसून हमसून रडले. तू मला पोटाशी धरलंस. "बघा सिस्टर, किती आनंद झालाय माझ्या पोरीला." त्याच आठवड्यात त्यानं तुझं मनगट मोडलं.

हे पत्र मी कुठं टाकणार? पत्ता असता तरी टाकलं नसतं. पोर आनंदानं रडली, असं तू जन्मभर शेजारणींना सांगत राहिलीस. मला तो डोळा उघडाच हवा होता.