लाडात आलेले मासे

प्रिय दादा,

परवा तू मला मोठ्या कौतुकाने तळ्यावर नेलंस. बागेत औषध फवारून आणलेला पंप तळ्यात खळखळून धुतलास आणि म्हणालास, "बघ छकुले, माझी चाहूल लागली की कसे भेटायला येतात. तुझी वहिनी गेल्यापासून माझी वाट बघणारे एवढेच."

खरंच सगळे मासे वर आले, तोंडं उघडून. एक तर चक्क कुशीवर झाला.

"हा लाडोबा. लाडात आला की आडवा होतो."

"गुणी आहे हो," मी म्हटलं.

दादा, ते तुला भेटायला येत नाहीत. औषध पाण्यात उतरलं की त्यांचा जीव गुदमरतो, म्हणून श्वासासाठी वर येतात. माशांना घातक, असं बाटलीवर छापलंय; पण तू चष्मा लावतोस तो फक्त शब्दकोड्यासाठी. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खरं बोलताना आवाज बारीक करू नये. मी तर खरं सोडून "गुणी आहे" म्हणून बसले, कारण किती दिवसांनी तू हसत होतास.

आता वाटतं, रिकाम्या घरात हे वाचून तू भांडणार कोणाशी? म्हणून पत्र टाकत नाही, उद्या बॅग घेऊन मीच येते. काय ओरडायचं ते मला ओरड. पंपाचं धुवण मात्र बागेतच फवारायचं, आणि तळ्यावर दोघांनी रिकाम्या हातांनी जायचं. एकही मासा भेटायला आला नाही, तर समज, सगळे मजेत आहेत.

साठी उलटली तरी तुझीच,
छकुली