अध्यक्षांच्या कुलपातला रकाना

टिळकवाडी, बेळगाव
२२ जानेवारी १९८९

तीर्थरूप दाजींच्या चरणी मारुतीचा नमस्कार.

तुमचा खोकला आता कसा आहे? तंबाखूच्या वखारीत जाऊन बसणं कमी केलंत, असं आक्का लिहिते आणि तिथं तुमची रोज दुपारी भेट होते, असं निपाणीहून येणारा प्रत्येक माणूस सांगतो. (कुणावर विश्वास ठेवायचा ते मला ठाऊक आहे, पण आक्काला कळवलेलं नाही.) आक्काच्या गुडघ्याला आराम असो. आम्ही इकडे सुखरूप आहोत. म्हणजे होतो.

सेवानिवृत्तीनंतर मी वधू-वर मंडळाचा सचिव झालो, हे तुम्हाला माहीत आहेच. आमचे अध्यक्ष आण्णाप्पा गेल्या वर्षी पुण्याला जाऊन आले आणि आल्यापासून त्यांना संगणकाशिवाय सुचेना. कुणा देणगीदाराकडून त्यांनी तीन संगणक, एक मोठी डिस्क आणि एकच प्रिंटर आणला. ते एकमेकांना जोडायला पिरनवाडीचा भीमसेन नावाचा तरुण इंजिनिअर आला. आमच्या तीन खोल्यांतून त्यानं खिडक्यांवाटे तारा नेल्या आणि आम्हाला समजावून सांगितलं की, आता स्थळांची माहिती एकाच डिस्कवर राहील, ती तिन्ही खोल्यांत दिसेल आणि प्रिंटरही तिघांत एकच. भाऊबंदांची सामायिक विहीर असते, तसंच हे. विहिरीवर जे होतं तेच इथं झालं. यंत्रं बिचारी आपापला कागद घेऊन रांगेत थांबत, माणसं थांबत नसत. एकदा कडोलीच्या एका मुलीच्या माहितीपत्रकाच्या मधोमध अध्यक्षांनी लिहिलेला शोकप्रस्ताव छापून आला आणि तो तसाच मुलाकडच्यांना पोचला. ते सांत्वनाला आले.

या यंत्रावर काम करायला आमची जया होती. (बी.एस्सी. झाल्यावर घरी बसून काय करायचं, म्हणून मीच तिला तिथं नेलं. हे वाक्य आक्काला वाचून दाखवू नका.) भीमसेन पहिल्या दिवसापासून सांगत होता की, सगळ्या माहितीची एक नक्कल फ्लॉपीवर ठेवा. ठेवली. पण खंडेनवमीला अध्यक्षांनी त्या फ्लॉप्या पाटावर मांडल्या आणि प्रत्येकीच्या बरोबर त्या उघड्या फटीवर हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर त्या फ्लॉप्या देवाच्या झाल्या, आमच्या कामाच्या राहिल्या नाहीत. जुने हातानं भरलेले अर्ज तर 'आता कशाला हवेत' म्हणून अध्यक्षांनी आधीच रद्दीत काढले होते.

नोव्हेंबरात उद्घाटन झालं. अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं आणि संगणकाला जात नसते, या वाक्यावर टाळ्या घेतल्या. (त्याच अध्यक्षांनी जात-पोटजातीचा रकाना वेगळा काढून घेऊन त्याला कुलूप घालायला लावलं होतं. कुलपाचा शब्द फक्त त्यांना ठाऊक.) टाळ्या चालू असतानाच लाउडस्पीकरवाल्याला प्लगसाठी जागा हवी होती. त्यानं भिंतीवरचा पहिला दिसला तो उपटला. तो मोठ्या डिस्कचा होता.

अकराशे स्थळं गेली, दाजी. अध्यक्ष स्टेजवरच खाली बसले. भीमसेन मात्र म्हणाला की, माहिती गेलेली नाही, कुठलं पान कुठं आहे ती यादी तेवढी गेली आहे. प्रत्येक तुकड्यावर अर्जाचा नंबर आहे, ते तुकडे शोधून जोडणारं काहीतरी मी तयार करतो. नऊ दिवस तो आणि जया त्या खोलीत तुकडे जुळवत बसले. मी शेजारच्या खोलीतून कौतुकानं बघत होतो. पस्तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेला माणूस समोर काय जुळतंय ते ओळखू शकला नाही, हेही लिहून ठेवतो.

सगळं परत आलं, फक्त अध्यक्षांचा तो रकाना आला नाही. त्या धक्क्यानं कुलपाचा शब्द ते स्वतःच विसरले होते. शिवाय काही पत्ते एकेका घरानं सरकले होते. ते कळायच्या आत अध्यक्षांनी घाईनं दोनशे पत्रं छापून पोस्टात टाकली. पुढच्या रविवारी खानापूरकडची अकरा माणसं मुलगी बघायला थेट अध्यक्षांच्या बंगल्यात उतरली. अध्यक्षीणबाईंनी मंडळाचे पाहुणे समजून पोहे केले. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं घर पसंत केलं, पोहे पसंत केले आणि मग अध्यक्षांकडे वळून विचारलं, "सगळं झ्याक हाय. पर कागदावर जात न्हाय तुमची. कंची म्हणायची?" आयुष्यभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारलेल्या माणसाला तो पहिल्यांदाच कुणी विचारला होता. अध्यक्षांनी आठ दिवस अंथरूण धरलं. तेवढ्यात त्या रकान्याविना गेलेल्या पत्रांवरून तीन लग्नं ठरून गेली. माणसं एकमेकांशी बोलली, पटलं, आणि विचारायचं राहूनच गेलं म्हणे.

आता आमच्याकडे येतो. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना जया म्हणाली, तिनं आणि भीमसेननं लग्न करायचं ठरवलंय. मी हात धुतले आणि पुढचे दोन दिवस माझं ताट बाहेरच्या खोलीत मागवलं. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली. "आप्पा, तो रकाना उद्या परत आला तरी माझं कायबी बदलणार न्हाय." मी चपला घातल्या आणि हे मोडायचंच असं ठरवून पिरनवाडीला गेलो.

भीमसेनची आई सोनुबाई घरी होती. लोकांच्या शेतात भांगलण करून तिनं पोराला शिकवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची फळी, माझ्या घरी नाहीत एवढी पुस्तकं. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो. तिनं चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत शांतपणे विचारलं, "तुमची पोरगी गुणाची हाय, मला ठावं हाय. पर माझ्या पोराला तुमच्या घरात मान मिळंल का, तेवढं आधी सांगा. न्हायतर मीच नको म्हणीन."

दाजी, मी तपासायला गेलो होतो आणि माझीच तपासणी झाली. उत्तर द्यायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला, याची लाज वाटते. पण दिलं. मिळेल म्हणालो. ती म्हणाली, लग्न होऊ दे, पुढचे सहा महिने बघते. मला ते रास्त वाटलं.

तब्येतीला जपा. वखारीत जायचंच असेल तर तोंडाला रुमाल बांधून जा.

तुमचा,
मारुती

ता. क. लग्न रजिस्टर पद्धतीनं आहे, महिन्याची नोटीस परवाच लागली. साक्षीदार तीन लागतात, दोन मिळाले. तिसरी सही तुमची हवी. आणि सहीला येण्याआधी हे आक्काला सांगायचं काम तुमच्याकडे. एवढं लांब पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून लपवत नाही. तो रकाना भीमसेनला चौथ्याच दिवशी सापडला होता. (कुलपाचा शब्द अध्यक्षांच्या म्हशीचं नाव निघालं.) परत बसवू का, असं त्यानं मला विचारलं आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, राहू दे, पुसून टाक. तेव्हा प्रश्न लोकांच्या मुलींचा होता.