उपवासातले काडेचिराईत

अल खोर, ९ मार्च २००१

ती. एलिझाबेथबायस, जेकबचा सा. न. वि. वि.

आज शुक्रवार, सुट्टी. सकाळी प्रार्थना आटोपून कामगारांच्या कॅम्पच्या सामायिक स्वयंपाकघरात गेलो आणि तू पाठवलेले काडेचिराईत उकळायला ठेवले. वासाने आमचा चिनी वेल्डर लिऊ आत आला, भांड्यात डोकावला आणि खोलीतून आपला डबा घेऊन आला. डब्यात तीच पाने, त्याच काड्या. त्याच्या गावीही अंगातली उष्णता काढायला हेच देतात म्हणे. दोघांनी एकेक घोट घेतला, एकदम तोंड वाकडे केले आणि हसलो. मी हे रोज पितो म्हटल्यावर मात्र तो हसायचा थांबला. मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून त्याने सांगितले की हे थोडेच दिवस घ्यायचे, ताप परत आला तर डॉक्टर गाठायचा.

बाय, ताप नाताळापासून आहे. संध्याकाळी अंग तापते, खोकला येतो, काढ्याने ताप उतरतो. क्लिनिकमध्ये गेलो तर छातीचा फोटो काढतील. क्षयाचा डाग निघाला तर सरळ घरी पाठवतात, असे इथे सगळे म्हणतात. पोरीचे, हेझलचे, नर्सिंगचे एक वर्ष राहिले आहे, तेवढे निघावे. म्हणून राखेच्या बुधवारपासून हा काढा मी उपवासकाळाचा त्याग म्हणून प्रभूला वाहिला आहे. ईस्टरपर्यंत पुरेल एवढी पुडी पाठव. माझ्या घरी यातले काही बोलू नकोस.

धाकट्या भावावर माया आहे ती वाढू दे.
तुझा जेकब

निर्मळ, २२ मार्च २००१

चि. जेकब यास, बायचे अ. आ.

पत्र पोचले. पुडी पाठवत नाही.

लहानपणी काढ्याची वाटी दिसली की तू केळीच्या बागेत पळायचास आणि आई दांडा घेऊन मागे. आता तोच काढा आपण होऊन पितोस! तो चिनी तुझ्यापेक्षा शहाणा. फादरना मी तुझे नाव न घेता विचारले. ते म्हणाले, उपवासात मटण सोडायचे असते, डॉक्टर नव्हे. आणि निघताना त्यांनी तुझी खुशाली विचारली, तेव्हा काय ते समज.

हेझलचे वर्ष आम्ही इथे मिळून पार पाडू. पण एक विचारते. तुझ्या खोलीत तो महाडचा इनायत राहतो ना, ज्याच्या बायकोने, रबियाने, मागे मला आंबोशी पाठवली होती? खाटेला खाट, जेवणही एकत्र. तुझा खोकला तो ऐकत असेल, पण ताप त्याला ठाऊक आहे का? देवाला वाहण्याआधी त्याला विचारले होतेस?

रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.
बाय

अल खोर, १० एप्रिल २००१

ती. बायस सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले त्याच आठवड्यात इनायत खोकू लागला. हे दिवस धुळीचे, कारण धूळही असेल. तरी मी त्याला सारे सांगितले.  तो म्हणाला, इतकी वर्षे माझ्या डब्यातले सुके बोंबील हक्काने खाल्लेस आणि एवढी गोष्ट पोटात ठेवलीस, कमाल आहे तुझी. खाट त्याने हलवली नाही, खिडकी तेवढी उघडली.

यल्ला, चल, दोघेही फोटो काढून घेऊ, असे तो म्हणाला. मी म्हटले, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार होऊ दे. त्यावर त्याने ऐकवले की तुमच्या रविवारी आपण दोघे पाइपच बसवत असतो, आणखी काही सबब असेल तर ती पण आताच सांग.

काल सकाळी काढा न घेता त्याच्याबरोबर क्लिनिकला गेलो. त्याचा फोटो स्वच्छ आहे. माझ्या उजव्या बाजूला डाग निघाला. आज दुपारी मला दोह्याच्या इस्पितळात नेणार आहेत. नोकरीचे काय होईल ते माहीत नाही. हेझलला मी स्वतः लिहितो, तू आधी सांगू नकोस. प्रार्थनेत आठवण ठेव, इनायतचीही.

डॉक्टरने विचारले, ताप कधीपासून. कालपासून, हे उत्तर ओठावर आले होते. मी नाताळापासून म्हणून सांगितले.

तुझा जेकब