हातात द्यायचे नाही

कल्याण, श्रावण शुद्ध १२, शके १८११

चि. राघोस बायजाचे अ. उ. आ. इकडे सर्व ठीक आहे, फक्त तुझ्या बातमीने माझी झोप उडाली आहे.

अरे, इंग्रजी शाळेत नोकरी धरलीस आणि सख्ख्या बहिणीला ते कळावे लाकडाच्या गाडीवानाकडून! मला वाटले, बाकडी दुरुस्त करायला ठेवले असेल. पण तो म्हणाला, राघो मास्तर झाला, वकिलांच्या आणि किरिस्तावांच्या मुलांना सुतारकाम शिकवतो. मी हसले. मामंजी हसले नाहीत.

मामंजी जातीच्या पंचांत बसतात, तुला ठाऊकच आहे. आपल्यात बाप लेकाच्या हातात हत्यार देतो, मामा भाच्याच्या हातात देतो, आणि ज्याच्या हातात दिले तो आपल्या विद्येचा वारस. परक्याच्या हातात ते कुणी दिलेले नाही. पंच म्हणतात, वकिलाची पोरे रंधा मारू लागली तर आपल्या पोरांनी काय माशा मारायच्या? तुला वाळीत टाकायचे, इथवर बोलणे गेले होते. आणि वाळीत टाकलेल्याकडे जो जेवेल तोही जातीबाहेर. राघो, आईबाप गेले. माझे माहेर म्हणजे तू एकटा. तू बाहेर गेलास तर भाऊबीजेला मी ओवाळायचे कुणाला?

शेवटी मामंजींनीच वाट काढली. तू तोंडाने सांग, करून दाखव. पण हत्यार कुणाच्या हातात द्यायचे नाही. जमिनीवर ठेवायचे, ज्याला हवे त्याने उचलावे. खाली पडलेले कुणी उचलले तर आपण ते दिले असे होत नाही. आणि मुलाच्या हाताला हात लावून शिकवायचे नाही. एवढे पाळलेस तर पंच डोळेझाक करतील. तुझ्या वतीने मी हो म्हणून बसले आहे. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

रंगूला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव, आणि पुढची बातमी गाडीवानाच्या आधी पाठव.

तुझी बायजा

(हस्ताक्षर शेजारच्या मुलींच्या शाळेतील मास्तरीण कलावतीबाईचे. ताई रागाने जे बोलल्या त्यातले निम्मेच लिहिले आहे.)


ठाणे, श्रावण वद्य ३

ती. सौ. बायजाताईस राघोचा सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम.

ताई, नोकरीचे कळवले नाही, कारण ती आठ दिवस तरी टिकेल असे वाटले नव्हते. हल्ली लोक दारे-खिडक्या मुंबईहून तयार आणवतात, हाताला काम उरले नाही, म्हणून शाळाखात्याच्या साहेबाने विचारले तेव्हा हो म्हणालो. शाळेमागच्या पडवीत वर्ग भरतो. पहिल्या दिवशी मुले मास्तर म्हणाली, तेव्हा मास्तर कोण आले म्हणून मी मागे वळून पाहिले.

वर्गात सगळी भेळ आहे. श्रीपाद नावाचा वकिलाचा मुलगा आहे, त्याला पटाशीची धार कुठल्या बाजूला असते हे ठाऊक नव्हते. त्याचे वडील येऊन विचारून गेले, की आमच्या मुलाचा सुतार करता काय? त्यांना वाटते मी त्यांचे घेतो, पंचांना वाटते मी आपले देतो. मधे मी आणि माझा रंधा.

मामंजींची अट मान्य आहे. गोणपाट पसरून त्यावर हत्यारे ठेवतो आणि बाजूला होतो. मुलांना वाटले, ही पूजाच आहे. एकाने हत्याराला नमस्कार करून ते उचलले, आता सगळेच करतात. हेडमास्तर माझ्या शिस्तीवर खूश आहेत! खरी गोष्ट मी कशाला सांगू?

भावोजींना व मामंजींना नमस्कार. तुझी भावजय रंगू पाया पडते. तुझा शब्द मी जपेन, तू काळजी करू नकोस. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा राघो


ठाणे, भाद्रपद वद्य ६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आज लिहिताना मन ठिकाणावर नाही. श्रीपादने काल पटाशीने अंगठा कापून घेतला. ताई, ते होणार हे मला आधी दिसत होते. मी समोर उभा होतो, हात पाठीमागे बांधून. तोंडाने सांगितले की अंगठा मागे घे. त्याने घेतला, पण दुसऱ्या हाताचा. रक्त पाहून त्याच्यापेक्षा मीच पांढरा पडलो. वकील आले, पुष्कळ बोलले. मी ऐकून घेतले, कारण त्यांचे काही चुकले नव्हते.

अंगठा बरा होईल. मला भीती पुढची आहे. दिवाळीआधी साहेब पाहणीला येणार, तोवर मुलांना वाकस चालवता आला पाहिजे असा हुकूम आहे. वाकस म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पायाखाली ओंडका धरायचा आणि धार आपल्याच पायाकडे ओढायची. बाबांनी मला शिकवला तेव्हा ते मागे उभे राहिले होते आणि त्यांचे हात माझ्या हातांवर होते. तो तोंडाने शिकवता येत नाही, ताई. मी किती वेळा मनात सांगून पाहिले, शब्दच सापडत नाहीत.

मामंजींना एवढे विचारशील का? बाकी सगळी अट तशीच राहू दे, वाकसापुरती हात लावायची मोकळीक द्यावी. हुकूम आल्यापासून रोज रात्री मला कुणाचा तरी पायच दिसतो आहे.

उत्तर लवकर पाठव. तुझ्या पत्राखेरीज धीर येत नाही.

राघो


कल्याण, भाद्रपद वद्य १०

चि. राघोस अ. उ. आ.

तुझे पत्र कलावतीबाईने वाचले आणि दोघींचेही तोंड उतरले. मामंजींना मी जेवताना विचारले, पोटात अन्न असले म्हणजे माणूस मऊ असतो म्हणून. ते म्हणाले, मडक्याला एक भोक पाडले की त्यात पाणी राहत नाही. आणि ताटावरून उठले.

घरचे तिथेच करवतीला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. तुझ्या भावोजींचे बोलणे म्हणजे लग्नकार्याची पितळी भांडी, वर्षातून एकदा माळ्यावरून निघायची. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी करवतीकडे पाहिले.

राघो, माझे ऐक. पोटदुखीचे निमित्त कर, हत्यारांना धार नाही म्हण, काही कर, पण वाकस दिवाळीनंतर काढ. मला तुझ्या मुलांचे वाईट वाटते, देवाशपथ वाटते. पण ती मुले परकी आणि तू माझा. इकडे आड तिकडे विहीर आहे हे मला दिसते. तू निदान आडाच्या काठावर थांब. अंगणात गाडीची चाके वाजली की मी हातातले टाकून दाराशी धावते.

पत्र बंद करू नकोस. रागावलास तरी चालेल.

बायजा


ठाणे, आश्विन शुद्ध १४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

गाडीवानाच्या आधी कळवतो. ताई, तुझा शब्द माझ्याकडून मोडला.

हेडमास्तरांनी माझे एकही निमित्त चालू दिले नाही, वाकस काढावाच लागला. बाळकुमच्या किरिस्ताव शेतकऱ्याचा लिओ आहे, अंगात जोर पुष्कळ, धीर थोडा. त्याने ओंडक्यावर पाय रोवला आणि हत्यार उगारले. मनगट चुकलेले मला दिसले. ओरडायलाही सवड नव्हती. मी मागून जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. धार त्याच्या पायाच्या बोटांशेजारी लाकडात रुतली.

इथवरच असते तर देवाने करवले म्हणून सोडून दिले असते. पण पोराचे हात माझ्या हातांत होते आणि मला ते सोडवेनात. तसाच मागे उभा राहून, त्याच्या हातांवर हात ठेवून घाव घालत राहिलो. होता होता त्याचे मनगट आपोआप वळले. मग बाकीच्यांनी रांग लावली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे हात धरून झाले, श्रीपादचेही.

मला वाईट वाटायला हवे होते, ते वाटले नाही. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. भीती वाटली ती घरी आल्यावर, रंगूने तुझे नाव काढले तेव्हा.

तू रागाव. हवे तेवढे रागाव. पण मला टाकू नकोस.

राघो


कल्याण, आश्विन वद्य ४

चि. राघोस अ. उ. आ.

रागवायला वेळ नाही. बातमी पंचांपर्यंत गेली आहे. अष्टमीला तुला देवळात बोलावले आहे, निरोप येईलच.

मी मामंजींचे पाय धरले. त्यांनी एवढे कबूल केले आहे, की पोराचा पाय वाचवायला हात धरला म्हण. पुढचे कुणी विचारणार नाही. नारळ ठेव आणि पुन्हा होणार नाही म्हण. मग सगळ्यांबरोबर पंगतीला बसायचे आणि विषय संपला. एक वाक्य आहे, राघो. लहानपणी तू माझ्याशी दिवसातून दहा वेळा पुन्हा करणार नाही म्हणायचास आणि दहा वेळा करायचास. मग आताच काय झाले?

मी देवळाच्या दाराशी बायकांत उभी असेन. माझ्याकडे पाहा आणि म्हणून टाक. बाकी काही मागत नाही.

बायजा


ठाणे, आश्विन वद्य १०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तू दाराशी होतीस, सगळे ऐकलेस. तरी लिहितो, कारण तुझ्याकडे न पाहता निघून आलो.

पाय वाचवायला हात धरला हे खरे होते, ते म्हणालो. नारळही ठेवला. मग पुन्हा होणार नाही म्हणायला तोंड उघडले आणि डोळ्यांपुढे सोमवारचा वर्ग आला. मुले वाकस घेऊन उभी राहणार, आणि मी हात मागे बांधून त्यांचे पाय बघत राहणार. तुझ्याशी खोटे बोलायचो ते भांडीकुंडी खेळताना, ताई. इथे धार होती. मामंजींनी दोनदा विचारले. आवाज चढवला नाही, मला वाटते त्यांनाही नको होते. पण मी गप्प राहिलो आणि त्यांना जे करायचे ते करावे लागले.

आता माझ्या घरचे पाणीही तुला चालणार नाही. तू माझ्यासाठी काही करू नकोस. तुझा संसार तिकडे आहे. ज्यांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. तू तसे कर. मी इकडे समजून घेईन.

हे पत्र शेवटचे मानलेस तरी माझा नमस्कार तुला रोज पोचेल.

राघो


कल्याण, कार्तिक शुद्ध १, दिवाळीचा पाडवा

चि. राघोस अ. उ. आ.

टपालाला वेळ नाही. गाडीवान आत्ता ठाण्याला निघतो आहे, त्याच्याबरोबर पाठवते. त्याने आजवर एवढ्या चहाड्या केल्या, आता एक काम पुण्याचे करू दे.

चंद्राला ओवाळ म्हणतोस? भाऊ धडधाकट असताना? मेल्या, लिहिताना हात कसा झडला नाही तुझा! देवळातून आल्यापासून मी सगळ्यांवर धुमसत होते. तुझ्यावर राग होता, मामंजींवर होता, सगळ्यांत जास्त माझ्यावर होता, की तुझ्या तोंडी ते वाक्य घालायला मीच गेले.

आज पाडव्याचे घरच्यांना ओवाळले. त्यांनी नेहमीप्रमाणे तबकात ओवाळणी घातली. मी तबक घेऊन वळले, तर त्यांनी हाक मारली. मग कनवटीचे आणखी पैसे काढले आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवले. भिंतीकडे पाहत म्हणाले, की इथे कुणाचे तरी पैसे पडले आहेत, मी काही कुणाला दिलेले नाहीत, ज्याला हवे त्याने उचलावे. आणि अंगणात निघून गेले. मामंजी ओटीवर होते. त्यांना ऐकू गेले की नाही, देव जाणे. ते फक्त खाकरले.

मी पैसे उचलले. आगगाडीचे भाडे आहे, राघो. जाण्याचे आणि परत येण्याचेही. ते पाहून मी जी रडले, ती कलावतीबाईने लिहायला बसवले तेव्हा थांबले.

उद्या सकाळच्या गाडीने मी येते. कलावतीबाई सोबतीला आहे. परत आल्यावर पंच काय करतील ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, नाही असे नाही. तू स्टेशनावर ये, आगगाडीने मी कधी आले नाही, तिथून मला तुझे घर सापडणार नाही. रंगूला म्हणावे, ओवाळून झाले की मी जेवून जाणार आहे, भात जरा जास्त टाक.

लोभ कमी करशील तर बघ.

तुझी ताई, बायजा