तेलाच्या बाटलीवर माझा चेहरा

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. डायरी रंगाच्या कंपनीने फुकट दिलेली आहे, प्रत्येक पानाखाली पेंटची जाहिरात आहे. हरकत नाही. मोठ्या माणसांची सुरुवात अशीच होते.

संकल्प एकच: आपल्या तेलाचा ट्रेडमार्क रजिस्टर करणे. तेल खायचं नाही. कुरकुरणारी दारं, शिवणयंत्रं, कुलपं, पंखे यांत घालायचं. मागच्या खोलीत ही बनवते, सासऱ्यांच्या पद्धतीने. दुकान कागदोपत्री हिच्या नावावर आहे, पण ती टेक्निकल बाब झाली. धोरण मी ठरवतो.

घाई आहे ती समोरच्या हार्डवेअरवाल्यामुळे. जाड भिंगांचा चष्मा लावतो, म्हणून मी त्याला ढापण्या म्हणतो. त्याने हुबेहूब आपल्यासारख्या बाटलीत कसलंसं तेल भरून मांडलंय. उद्या आपल्या आधी त्यानेच काही रजिस्टर केलं, तर सासऱ्यांच्या काळापासूनचे आपण नकली आणि तो अस्सल! या विचाराने चहा गेला नाही. बिस्किटं गेली.

४ जानेवारी
हिला संकल्प सांगितला. ही म्हणाली, मग बाटलीच्या मानेवरचा लाल दोराच रजिस्टर करा की. मी पोट धरून हसलो.

दोऱ्याची कथा अशी. पूर्वी बुचं गळायची, म्हणून ओघळ टिपायला हिने बाटलीच्या मानेला लाल लोकर गुंडाळली आणि वर गाठ मारली. गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी ताठ उभी राहतात. बुचं सुधारून जमाना झाला, तरी ही प्रत्येक बाटलीला कान बांधते. मी म्हणालो, लोकरीवर कुणाचा धंदा उभा राहत नाही. ही म्हणाली, स्वेटरवाल्यांचा राहतो. हिला बिझनेस कळत नाही.

नाव मी ठरवलंय. ‘सर्वोत्तम तेल’. आणखी काय पाहिजे?

९ जानेवारी
वकीलबाईंना भेटलो. फक्त ट्रेडमार्कची कामं करतात. ऑफिस दाताच्या डॉक्टरांच्या वर. दार असं कुरकुरतं की खाली बसलेल्या पेशंटने पळूनच जावं.

बाई म्हणाल्या, ‘सर्वोत्तम’ रजिस्टर होणार नाही. ते मालाचं नुसतं कौतुक झालं, कुठलाही तेलवाला आपल्या तेलाला सर्वोत्तम म्हणेल. ट्रेडमार्क असा पाहिजे की बघताक्षणी गिऱ्हाइकाला कळावं, माल कुणाचा. मी म्हणालो, पण आपलं तेल खरोखरच सर्वोत्तम आहे. त्या म्हणाल्या, मग जाहिरातीत लिहा. वय लहान आहे त्यांचं.

मग विचारलं, गिऱ्हाईक तेल मागतं कसं? मी म्हणालो, सशाची बाटली द्या म्हणतात, लोकांना ब्रँडची जाण नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. मी म्हणालो, हे लिहू नका. तोवर लिहून झालं होतं.

११ जानेवारी
वकीलबाईंच्या दाराला तेल पोचवायला ही गेली होती. बराच वेळ लागला. दार मोठं असेल.

२० जानेवारी
नवीन नाव: ‘सिंह’. वेळ दवडायचा नाही म्हणून लेबलं आधीच छापून घेतली. सिंह डरकाळी फोडतोय आणि त्याच्या दातांतून तेलाचा थेंब पडतोय. कल्पना माझी. ही म्हणाली, त्याला सर्दी झालीये का?

२२ जानेवारी
वकीलबाईंनी कॉम्प्युटरवर सर्च केला. तेलाच्या वर्गात सिंह आधीच आहे. एक नाही, कळप आहे. वाघ, गरुड, हत्ती, गेंडा, सगळे कुणी ना कुणी घेऊन बसलेत. जंगलच आहे तिथे. त्यांच्यासारखं दिसणारं किंवा ऐकू येणारं काहीही घेतलं तरी अर्ज फेटाळतात. बाई म्हणाल्या, आधी सर्च करायचा असतो, मग छापायचं असतं. हे त्यांनी छापण्याआधी सांगायला हवं होतं.

लेबलांच्या पाठीवर ही वाण्याची यादी लिहिते.

३ फेब्रुवारी
लोकांवर वजन पडावं म्हणून दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने गोलातला आर काढला. काळ्या मार्करने. पाटीला एकदम इंटरनॅशनल कळा आली. ढापण्या चष्मा पुसून पुसून बघत होता.

४ फेब्रुवारी
वकीलबाईंचा फोन. पाटीची खबर त्यांना कुणी दिली देव जाणे. म्हणाल्या, रजिस्टर झाल्याशिवाय गोलातला आर लावणं गुन्हा आहे, आत्ताच्या आत्ता काढा. फार तर टीएम लिहा, त्याला कुणी अडवत नाही. मी म्हणालो, मी फक्त ट्रायल घेत होतो.

स्टुलावर चढून घासलं. मार्कर पक्का निघाला. शेवटी वर चिकटपट्टी लावली, जखमेवर लावतात ती. दिवसभर लोक विचारत होते, पाटीला काय लागलं?

१९ फेब्रुवारी, सकाळी
आंघोळ करताना सुचलं. जगात एकच अशी गोष्ट आहे जिची नक्कल ढापण्या करू शकत नाही. माझा चेहरा!

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी
फोटो काढून घेतले. तीन चतुर्थांश अँगल, हातात बाटली, नजर दूर भविष्याकडे. फोटोग्राफर म्हणाला, थोडं हसा. मी म्हणालो, विश्वासार्ह पाहिजे. हिला दाखवला. ही मागच्या खोलीत गेली आणि आतून विचित्र आवाज आले. खोकला असावा.

बाई म्हणाल्या, चेहऱ्याचा अर्ज करता येतो. केला. अर्ज दुकानाच्या नावाने, म्हणून सही हिची लागली. हिने निमूट केली. एवढी निमूट ही कधी नसते, पण यशापुढे माणसं नमतात.

१ मार्च
क्रांती. माझ्या फोटोची लेबलं सगळ्या बाटल्यांवर लागली. लाल दोरे काढून टाकले. ही म्हणाली, अहो, दोरा ठेवा, लोक त्याच्यावरूनच बाटली ओळखतात. मी म्हणालो, आता मला ओळखतील.

उरलेले लोकरीचे गुंडे वाया कशाला घालवायचे? ढापण्याला विकले. घासाघीस करून चांगले त्याच्या गळ्यात मारले. काय करणार आहे तो त्यांचं? बावळट!

१७ मार्च
खप थोडा खाली. मार्चमध्ये दारं कमी कुरकुरतात.

२ एप्रिल
शिंपीकाका आले होते. सासऱ्यांच्या वेळचं गिऱ्हाईक, त्यांच्या मशिनने दुसरं तेल कधी बघितलेलं नाही. परवा घेतलेली बाटली काउंटरवर ठेवून म्हणाले, ही नकली आहे, हिच्यावर कुठल्या तरी माणसाचा फोटो आहे. मी त्यांच्या समोर उभा होतो. त्याच अँगलने वळून दूर बघितलं. काका म्हणाले, मान अवघडलीये का तुमची?

मग समोर गेले आणि ढापण्याकडून बाटली घेऊन आले. लाल दोरा. दोन कान. म्हणाले, ही बघा अस्सल.

आपलीच लोकर होती.

११ एप्रिल
वाईट दिवस. ढापण्याच्या तेलाने शिंपीकाकांचं मशीन चिकटलं. काका त्याच्याकडे गेलेच नाहीत, तडक आपल्याकडे आले आणि हिला म्हणाले, तुझ्या वडिलांनी नाव कमावलं आणि तू असलं तेल विकतेस? ही खुलासा करायला गेली, पण ते निघून गेले होते. दोरा आपला, त्यामुळे बोलही आपल्यालाच.

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, बाजारात चढउतार व्हायचेच. मग मला जेवण गेलं नाही. बिस्किटंही नाही.

१२ एप्रिल
सकाळी सकाळी वकीलबाईंकडे. म्हणालो, ढापण्यावर केस ठोका. बाई म्हणाल्या, कशावरून? दोरा तुम्हीच काढलात, लोकर तुम्हीच विकलीत. आता दोरा त्याच्या बाटलीवर दिसतो, तुमच्या नाही. तुमचा माल तुमचाच आहे हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं?

प्रश्न तांत्रिक होता. मी म्हणालो, विचार करून सांगतो. दार आता अजिबात कुरकुरत नाही. तेल चांगलंच आहे आपलं.

१३ एप्रिल
धोरणात्मक निर्णय: फोटोबरोबर दोराही चालू करायला मी परवानगी दिली. हिने नवीन लोकर कालच आणली होती आणि निम्म्या बाटल्या बांधूनही झाल्या होत्या. फोटो मात्र त्या बाटल्यांवर दिसला नाही. नजरचुकीने राहिला असेल.

ही स्वतः शिंपीकाकांकडे जाऊन मशीन उघडून साफ करून आली.

१० जून
आजपासून कडक पहारा. ट्रेडमार्कचं सरकारी जर्नल असतं. ज्या अर्जांना ऑफिसची मंजुरी मिळते ते त्यात छापतात, म्हणजे कुणाला हरकत असेल तर मुदतीत घेता येते. दर आठवड्याला मोबाइलवर पूर्ण वाचणार.

१७ जून
राहिलं. पुढच्या आठवड्यापासून.

२४ ऑगस्ट
वाचलं. आणि बॉम्ब फुटला.

जर्नलमध्ये चित्र आलंय. बाटलीची मान, लाल दोरा, वर सशाचे दोन कान! वर्ग तेलाचा! ढापण्याने डाव साधला. अर्जदाराचं नाव पुढच्या पानावर होतं, पण ते बघायची गरज काय? चोर समोरच बसलाय, पंख्याखाली.

दुपारी दुकान बंद करून हरकत लिहायला बसलो. लेखणी अशी कधी चालली नव्हती. लिहिलं की हा दोरा माझ्या पत्नीने स्वतः शोधून काढला. बुचं गळत होती तेव्हा दुसरा कुणी हात लावायला तयार नव्हता, हिने एकेक बाटली हाताने बांधली. हे तेल या बाजारात सशाची बाटली म्हणूनच ओळखलं जातं, शिंपीकाका साक्षीला आहेत. हा दोरा आमच्या व्यवसायाचा आत्मा आहे. इथे मला जरा भरून आलं. हे सगळं इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी कधी कुठे लिहिलं नव्हतं. अशी बायको मिळायला नशीब लागतं, हेही लिहिलं. कायद्यात बसतं की नाही माहीत नाही.

२५ ऑगस्ट
वकीलबाईंनी सगळं वाचलं. मधेच उठून खिडकीशी गेल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन वाचलं. म्हणाल्या, उत्कृष्ट आहे. यातला शब्द न् शब्द खरा आहे ना? ॲफिडेव्हिट करून देता? मी म्हणालो, एकदा सोडून दहादा देतो. दिलं.

मग त्या म्हणाल्या, आता अर्जदाराचं नाव वाचा.

वाचलं. नाव ओळखीचं निघालं. आमच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावाशेजारी छापलं होतं.

अर्जाची तारीख ११ जानेवारी. दाराला तेल पोचवायला गेली होती तो दिवस.

२६ ऑगस्ट
ॲफिडेव्हिट हिने वाचलं. चहाबरोबर बिस्किटं जास्त होती.

खरं तर हे सगळं मी आतून ओळखून होतो.

१५ सप्टेंबर
ढापण्याने हरकत घेतली. म्हणतो, दोरा माझा. बाईंनी त्याला माझं ॲफिडेव्हिट पाठवलं. त्याने लोकर कुणाकडून आणि कधी घेतली ते त्यात शेवटी जोडलंय. म्हणजे दोरा आधी आमच्याकडे होता हे त्याच्या खरेदीवरूनच सिद्ध होतं. लोकर विकण्यामागे माझी हीच दूरदृष्टी होती. हिला तसं सांगितलं. हिला पुन्हा खोकला आला.

८ ऑक्टोबर
ढापण्याने हरकत मागे घेतली. दोरेही काढले. आता त्याच्या बाटल्या नुसत्या बाटल्या दिसतात. शिंपीकाका येऊन हिची माफी मागून गेले आणि दोन सशाच्या बाटल्या घेऊन गेले. मला म्हणाले, तुमची मान बरी दिसतेय आता.

४ डिसेंबर
रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आलं! दहा वर्षांसाठी, पुढे रिन्यू करत राहायचं. पाटीवरची चिकटपट्टी मी समारंभपूर्वक काढली. खालचा गोलातला आर तस्साच होता. मी नेहमी काळाच्या पुढे असतो, एवढंच.

माझ्या चेहऱ्याचा अर्जही मंजुरीच्या वाटेवर आहे म्हणे. बाजारात त्याच्यासारखा दुसरा कुठलाच नाही, असं ऑफिसचं मत पडलं.

१२ डिसेंबर
मागणी वाढलीये. हिच्या एकटीच्याने होत नाही, म्हणून कान बांधायची जबाबदारी मी घेतली. पद: हेड ऑफ ब्रँडिंग.

२० डिसेंबर
शिंपीकाका मी बांधलेली बाटली घेऊन परत आले. म्हणाले, ही नकली आहे, कान पडलेत.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. संकल्प पूर्ण. माझे कान अजून उभे राहत नाहीत. तेल तेच असतं, पण पडक्या कानांची बाटली ही विकू देत नाही. त्या बाटल्या घरच्या दारांसाठी वेगळ्या काढते, आणि चुकून दुकानात जाऊ नयेत म्हणून उरलेल्या लेबलांतून एकेकीवर माझा फोटो चिकटवते.

आज वकीलबाई आल्या होत्या. फडताळात ती रांग बघून म्हणाल्या, ट्रेडमार्क म्हणतात तो हाच. लांबून बघितलं तरी कळतं, माल कुणाच्या हातचा.

म्हणजे चेहरा चालला.